टणक हवेवरचा माझा विश्वास

सायकलच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघायची, अंगठा रुतला नाही की हवा बरोबर, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो. हवेचा दाब मोजणं हे मोटारवाल्यांचं काम, सायकलला एवढा सोपस्कार कशाला, हे माझं मत पक्कं होतं. टायर जितका टणक तितकी सायकल हलकी पळते, हे त्या मताचं दुसरं अंग. आज या दोन्ही गोष्टींबद्दल माझं मत बदललेलं आहे. ते कशामुळे बदललं, किती बदललं आणि कुठे अजिबात बदललेलं नाही, हे मला सांगायचं आहे.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ते मत हवेतून आलेलं नव्हतं. आमचं केम हे करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं गाव. जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधलं स्टेशन. बाहेरच्या माणसाला केम माहीत असतं ते कुंकवामुळे आणि उत्तरेश्वराच्या मंदिरामुळे. पण गावाच्या भोवतीचं जगणं शेतीचं आहे. वाड्या-वस्त्या लांब लांब पसरलेल्या, आणि तिथून गावात यायचं तर पाणंदीतून, बांधावरून, माळातून. अशा ठिकाणी सायकल ही ओझं वाहणारी वस्तू होती. मागच्या कॅरिअरवर पेंडीचं पोतं, हँडलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, नाहीतर कडवळाचा भारा आणि वर एखादं पोर. ती काळी, उंच, अठ्ठावीस इंची सायकल, दीड इंच रुंदीचा टायर. त्यात हवा कमी असली की पोत्याच्या वजनाने टायर चेपून रिमला टेकायचा आणि ट्यूब चिरडायची. त्यामुळे हवा टणक हवी, हे त्या सायकलपुरतं अगदी खरं होतं. आजही खरं आहे.

शिवाय मोजणार तरी कसं? त्या सायकलचा व्हॉल ज्यांनी हातात घेऊन पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पितळेची बारीक पोकळ दांडी, तिच्या अंगाला एक छोटं भोक, आणि त्या भोकावर ओढून चढवलेली रबराची बारीक नळी. तिलाच आम्ही व्हॉलट्यूब म्हणतो. पंप मारला की हवा भोकातून बाहेर येते, रबर किंचित फुगवून ट्यूबमध्ये शिरते; पंप थांबला की आतल्या हवेच्याच दाबाने रबर भोकावर घट्ट बसतं. डनलॉप किंवा वुड्स व्हॉल्व्ह म्हणतात तो हाच. स्वस्त आणि टिकाऊ, रबर कुजलं तर कुठल्याही दुकानात तुकडा मिळतो. पण बाहेरून गेज लावून आतला दाब विचारायची सोय त्यात नाही. पंपाला काटा असला तरी तो रबर ताणायला लागलेला जास्तीचा जोरही दाबातच धरून दाखवतो. तेव्हा अंगठा हेच एक साधन उरायचं. ज्याच्याकडे दुसरं मापच नाही त्याने अंगठ्यावर विश्वास ठेवला, यात वावगं काही नव्हतं.

तिसरं कारण काट्यांचं. आमच्या भागात बाभूळ आहे, वेडी बाभूळ तर माळभर माजली आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वाटेवर सराटे पसरतात. सराट्याचं वाळलेलं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. टायर टणक असला की काटा घुसत नाही, अशी गावात सर्रास समजूत आहे. मीही ती बाळगून होतो.

पुढे जाड टायरच्या सायकली आल्या. कंपनी कुठलीही असो, गावात त्यांना ‘रेंजर’च म्हणतात. मग गिअरची, पुढे शॉकअपची माउंटन बाइक आली आणि मीही एक घेतली. तिचे टायर दोन इंचांहून किंचित रुंद, वर उंच नक्षी, आणि व्हॉल मोटारसायकलसारखा. मी मात्र तिच्यात हवा भरायचो ती काळ्या सायकलच्या हिशेबाने. दुकानात न्यायची आणि सांगायचं, “टाका टणक.” तिथला कॉम्प्रेसर मोटारसायकली आणि ट्रॅक्टरसाठीचा. माउंटन बाइकच्या टायरमध्ये साधारण चार-पाच लिटर जागा. ती काही क्षणांत भरून दाब कुठल्या कुठे जातो.

मत हलायला निमित्त झालं ते माझ्या भाच्याचं. तो पुण्याला असतो, सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर सायकल चालवतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने माझी सायकल घेऊन स्टेशनच्या पलीकडच्या पाणंदीत एक फेरी मारली आणि परत आल्यावर म्हणाला, “मामा, सायकल चांगली आहे, पण ती जमिनीवर टिकतच नाही. किती पौंड हवा आहे?”

मी म्हणालो, “पौंड कशाला मोजायचे? दाबून बघ की, टणक आहे.”

त्याने खिशातून छोटं गेज काढून लावलं, पण काटा शेवटच्या आकड्यालाही न थांबता पुढे टेकला. ते गेज साठपर्यंतचंच होतं. मग त्याने व्हॉलची पिन दाबून हवा सोडायला सुरुवात केली. पुढे २४, मागे २७ पौंडांवर थांबला. पौंड म्हणजे एका चौरस इंचावर तितक्या पौंडांचा दाब. पुस्तकात त्याला पीएसआय म्हणतात. मी अंगठा लावून पाहिला. टायर दबत होता. माझ्या भाषेत ती सायकल पंक्चर होती.

त्याच अवस्थेत मी तिच्यावर बसून पाणंदीला लागलो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पावसाळ्यानंतर त्या वाटेत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्या वाळून दगडासारख्या होतात, आणि त्यांच्या मध्ये फुफाटा साचतो. एरवी तिथे हँडल धरून ठेवावं लागे, तळहात बधिर होत, फुफाट्यात पुढचं चाक कुठेही वळे. त्या दिवशी पुढचं चाक मी वळवलं तिकडेच गेलं. मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला तेव्हा मागचं चाक घसरत गेलं नाही. आणि मला सगळ्यात अनपेक्षित वाटलं ते हे की सायकल जड झाली नाही. उलट खडीच्या चढावर पायांना कमी ओढ जाणवली.

एका फेरीने मत बदलत नाही, माझंही बदललं नाही. पण शंका आली, आणि त्या शंकेने मला वाचायला आणि करून बघायला लावलं.

सगळ्यात आधी मला हवेच्या टायरचा जन्मच नव्याने कळला. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. त्याच्या आधी सायकलींना भरीव रबर असे आणि रस्त्याचा प्रत्येक दगड अंगात जाई. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, विली ह्यूम या सायकलपटूने हेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. म्हणजे जे मऊ होतं ते जलदही निघालं. हवेचा टायर दगडासारखा टणक फुगवला की आपण डनलॉपने दिलेलं देणं परत करतो आणि भरीव रबराकडे जातो. हे वाचल्यावर माझा टणकपणाचा आग्रह मलाच तपासावासा वाटला.

मऊ टायर जलद कसा, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून पाहिला तर दाब वाढवत गेलं की फिरण्याला होणारा विरोध कमी होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, आणि टणकपणाची समजूत तिथूनच बळावली. पण ड्रमवर खडी नसते आणि वर माणूसही बसलेला नसतो. खऱ्या वाटेवर टणक टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो. उचलायला लागलेली ताकद पायातून येते आणि खाली आपटताना वाया जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो आणि वरचं वजन जवळपास त्याच पातळीवर पुढे जातं. अमेरिकेतल्या यान हाइने यांनी प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर माणूस बसवून चाचण्या घेतल्या आणि रस्ता खडबडीत असेल तर जास्त दाबाचा फायदा उरत नाही, हे दाखवलं. फ्रँक बर्टो यांनी रस्त्यावरच्या सायकलींसाठी एक साधा निकष दिला: माणूस बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा.

हा निकष मी घरी तपासला, आणि तो कोणालाही तपासता येईल. सायकल भिंतीला टेकवायची, कोणाला तरी पट्टी घेऊन चाकाजवळ बसवायचं, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. मग आपण सीटवर बसून पुन्हा मोजायची. माझा टायर सुमारे ५३ मिलिमीटर उंच, त्याचे १५ टक्के म्हणजे आठ मिलिमीटर. २७ पौंडांवर मागचा टायर सात-आठ मिलिमीटर दबत होता. टणक भरल्यावर तो दबलेला पट्टीवर नीट वाचताही येत नव्हता. माझ्या बाबतीत हवेचा प्रश्न त्या पट्टीने मतांतून काढून मोजमापात आणला.

दुसरा मोठा धडा अंगठ्याचा. माझा अंगठा अनुभवी होता, तरी तो चुकीचं सांगत होता, आणि त्यात अंगठ्याचा दोष नव्हता. अंगठ्याला आतल्या हवेचा दाब कळत नाही. त्याला कळतो टायरच्या कापडाला बसलेला ताण. हा ताण दाब आणि टायरची रुंदी या दोन्हींच्या गुणाकाराने ठरतो. दीड इंची टायर ४२ पौंडांवर असेल आणि २.१ इंची टायर ३० पौंडांवर असेल, तर दोन्हींचा गुणाकार ६३ येतो. म्हणजे दोन्ही टायर अंगठ्याला सारखेच टणक लागतात. त्यावर टायरची भिंत जाड की पातळ, याने आणखी फरक पडतो. काळ्या सायकलवर तयार झालेला अंगठा जाड टायरला लावला की तो टायर गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरला जाणारच. आमच्या केममध्ये जाणता माणूस कुंकवाचा रंग नुसत्या नजरेने जोखतो, कारण जे जोखायचं आहे तेच डोळ्याला दिसतं. टायरच्या बाबतीत जे जोखायचं ते आत असतं आणि हाताला लागतं ते निराळंच. हे समजलं त्या दिवशी अंगठ्यावरचा माझा विश्वास संपला.

मग मी गेजवर विश्वास ठेवायला लागलो, आणि तिथेही मला पुढे बरंच शिकावं लागलं. मी घेतलेल्या उभ्या पंपाला बुडाशी गोल गेज आहे, १६० पौंडांपर्यंतचं. त्यावर ३० भरले तरी भाच्याचं छोटं गेज २६ दाखवायचं. दोन्ही यंत्रं नवी. मग खरं कोण?

गेजच्या आत काय असतं ते पाहिलं तर याचं उत्तर मिळतं. काट्यामागे पितळेची एक चपटी, अर्धगोल वाकवलेली नळी असते. फ्रान्सच्या युजीन बूर्दों याने १८४९ मध्ये ती शोधली. आत दाब गेला की ही नळी सरळ व्हायला बघते, तिचं टोक किंचित सरकतं, आणि ते सरकणं दात्यांवरून काट्याला मिळतं. अशा गेजची चूक सहसा त्याच्या पूर्ण मापाच्या टक्क्यांत सांगतात. दोन टक्के चूक म्हटली तर १६० च्या गेजवर ती तीन पौंडांहून जास्त होते, आणि ते तीन पौंड तीसच्या आकड्यावरही तेवढेच लागू असतात. म्हणजे ३० दाखवणारा काटा खरं तर २७ वर असेल नाहीतर ३३ वर. तीच दोन टक्के चूक ६० च्या गेजवर सव्वा पौंडाच्या आसपास राहते. शर्यतीच्या बारीक टायरला शंभराच्या पुढे हवा लागते, तिथे तीन पौंड इकडे-तिकडे झाले तर चालून जातं. जाड टायरला मात्र तीन पौंडांत वागणूक बदलते. जिथे आपण वावरतो तो आकडा गेजच्या मधल्या भागात यावा, असं गेज घ्यावं, हे मला तेव्हा पटलं.

दुसरी गोष्ट पंपाच्या नळीची. पंपाचं गेज टायरमध्ये बसलेलं नसतं, ते नळीच्या अलीकडे असतं. पंपाचं तोंड व्हॉलची पिन दाबून उघडी ठेवत असेल तरच नळी आणि ट्यूब एक होतात आणि काटा टायरचा दाब सांगतो. पिन दाबली जात नसेल, किंवा बारीक दांडीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर काटा नळीत अडकलेल्या हवेचा दाब दाखवत बसतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. हवा असलेल्या टायरला नळी लावल्याबरोबर, एकही झटका न मारता, काटा वर आला तर तो टायरशी जोडलेला आहे. काटा शून्यावरच राहिला तर भरताना दिसणारा आकडा अंदाजाचा समजावा आणि शेवटी वेगळ्या गेजने खात्री करावी.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि ती आमच्याकडे सोडून देता येत नाही. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. हिशेब करताना गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचे सुमारे १४ पौंड मिळवायचे आणि तापमान शून्याखालच्या २७३ अंशांपासून मोजायचं. थंडीत पहाटे १५ अंशांना २७ पौंड भरलेला टायर उन्हाळ्यातल्या दुपारच्या ४२ अंशांना नेला, तर हवा तितकीच असून गेज ३१ च्या जवळ दाखवेल. सायकल उन्हात उभी असेल तर काळं रबर हवेपेक्षाही जास्त तापतं. म्हणून दुपारी मोजलेला आकडा आणि सकाळी मोजलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. मी आता सकाळी, सावलीत, सायकल बाहेर काढायच्या आधी मोजतो.

चौथी गोष्ट वजनाची. २४ आणि २७ हे माझे आकडे आहेत. मी, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८८ किलो भरतो आणि त्यातलं सुमारे ४८ किलो मागच्या चाकावर येतं. २७ पौंडांवर त्या चाकाला जमिनीचा सुमारे २५ चौरस सेंटिमीटर एवढा आधार मिळतो. दाब दुप्पट केला तर हा आधार निम्म्यावर येतो, आणि फुफाट्यात चाक रुततं किंवा मुरमावर सुटतं त्याचं मूळ इथे आहे. प्रत्येक चाकावर किती भार, याचा विचार आमच्या मुलखाला नवा नाही. केमच्या शेजारी कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी सगळी गाडी आखली, आणि म्हणून ती हलक्या रुळांवरून नीट धावली. चाकावरचा भार आधी, बाकी सगळं नंतर, हा त्याचा क्रम सायकललाही लागू आहे. पन्नास किलोच्या मुलीने माझा आकडा उचलला तर तिला तो टणक होईल. शंभर किलोच्या माणसाला तोच आकडा कमी पडेल.

इथपर्यंत येऊन माझं मत आणखी एकदा वळलं. मधल्या काळात मी अचूक आकड्याच्या मागे लागलो होतो, कुठलं गेज सगळ्यात खरं ते शोधत होतो. आता मला वाटतं की नेमकेपणाचा खरा अर्थ तो आकडा पुन्हा पुन्हा गाठता येणं हा आहे. माझं गेज एक पौंड जास्त दाखवत असेल, पण रोज तेवढंच जास्त दाखवत असेल, तर मला काही अडत नाही. त्या गेजवर मला मानवलेला आकडा मी शोधला आहे आणि तोच मी दर वेळी गाठतो. अडचण होते ती आज एका पंपावर, उद्या दुसऱ्या दुकानात, परवा अंगठ्याने भरण्यात. म्हणून गेज एकच ठेवावं, व्हॉलवर सरळ दाबावं, शंका आली तर लगेच पुन्हा मोजावं. गेज लावताना थोडी हवा फुस्सकन जाते, पण चार-पाच लिटरच्या टायरला ती जाणवत नाही. ट्यूबमधून हवा आपसूकही झिरपत असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाहावं.

स्वतःचा आकडा शोधण्याचीही रीत आहे, आणि ती टायरच्या भिंतीवर छापलेली नाही. तिथला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, शिफारस नव्हे. नेहमीच्या खडबडीत वाटेवरून टणकाकडून मऊकडे दोन-दोन पौंडांनी उतरत यावं. एका टप्प्यावर सायकल जमीन धरायला लागते. आणखी उतरलं की वळणावर टायर अंगाखालून सरकल्यासारखा वाटतो, नाहीतर दगडावर रिमचा ठोका ऐकू येतो. तिथून दोन पौंड वर गेलं की आपला आकडा मिळतो. खाली उतरताना ट्यूब पंक्चर झाली तर ती उघडून बघावी. एक बारीक भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली गेली, म्हणजे हवा कमी पडली. ट्यूबलेस टायरवाले ट्यूब चिमटण्याची भीती नसल्याने आणखी खाली जाऊ शकतात. माझ्या सायकलला ट्यूब आहे, म्हणून मी थांबतो तिथे थांबतो.

जिथे मत बदललेलं नाही ते आता सांगतो. काळ्या सायकलवर पोतं लादायचं असेल तर टायर टणकच हवा. डांबरी रस्त्यावरून कुर्डुवाडीपर्यंत जायचं असेल तर मी स्वतः चार-पाच पौंड जास्त भरतो. आणि काट्यांपुढे कोणाचंच चालत नाही. बाभळीचा काटा टणक टायरात घुसतो आणि मऊ टायरातही घुसतो. हवा उतरवल्यापासून मला या बाबतीत काही फरक दिसलेला नाही. त्यावर उपाय हवेत नाही. ट्यूबमध्ये सीलंट घालावं, आमच्या उन्हात ते लवकर वाळतं हे लक्षात ठेवून वेळेवर पुन्हा भरावं, आणि जवळ पॅच, सोल्यूशन, पंप बाळगावा. पंक्चर काढता येणं ही जुनी विद्या आजही तितकीच लागते.

हे सगळं मला एवढ्या कळकळीने सांगावंसं वाटतं ते माझ्या एकट्याच्या फेरफटक्यासाठी नाही. वस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुला-मुलींकडे आज बहुतेक जाड टायरच्याच सायकली आहेत. ती मुलं दप्तर पाठीला लावून त्याच चाकोऱ्यांतून, त्याच मुरमावरून येतात. कॉम्प्रेसरने फुगवलेल्या टणक टायरवर त्यांची सायकल उतारावर सुटते, ब्रेक लागत नाही, हात दुखतात. त्यांना वाटतं की सायकल अशीच असते. त्यांच्या टायरमधली हवा नीट करायला खर्च जवळपास काहीच नाही. साठ पौंडांपर्यंतचं एक गेज पंक्चरच्या दुकानात टांगलेलं असावं. गावातले कारागीर हाताने कुशल आहेत, पंक्चर कुठे आहे ते पाण्यात न बुडवता सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात हे माप आलं तर ती माणसं ते आमच्यापेक्षा चांगलं वापरतील.

आणि शाळेतही दाबाचा धडा शिकवताना फळ्यावरच्या आकृतीसोबत पटांगणात उभ्या असलेल्या सायकली वापरता येतील. एकाने सायकलवर बसावं, दुसऱ्याने पट्टी धरावी, तिसऱ्याने गेज लावावं, चौथ्याने वहीत लिहावं. वजन, क्षेत्रफळ, दाब, तापमान सगळं त्यात येतं. आणि घरी जाताना प्रत्येक मुलाला स्वतःचे दोन आकडे माहीत असतात, पुढच्या चाकाचा आणि मागच्या चाकाचा. तेवढे दोन आकडे सायकलच्या दांडीवर ऑइलपेंटने लिहून टाकावेत, म्हणजे दुकानात हवा भरताना कोणालाच “टणक टाका” म्हणावं लागणार नाही. या कामाला लागणारं गेज आणि पट्टी घेऊन शाळेत यायची माझी तयारी आहे.